सॅलरी स्लिपवरचे ते दोनशे रुपये

फेब्रुवारीच्या पगारातून शंभर रुपये जास्त कापले गेले आणि आमच्या कॅन्टीनमध्ये अख्खा लंच टाइम वाद रंगला. आपण राब राब राबून भरलेल्या टॅक्समधून दुसऱ्याला काम, दुसऱ्याला पैसे, दुसऱ्याला फुकटचा वकील... का म्हणून?

"अरे, हे तीनशे कसले कापलेत?" टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने मोबाइलवरची सॅलरी स्लिप सगळ्यांच्या नाकासमोर नाचवली. पहिलाच जॉब. त्यामुळे स्लिपमधल्या प्रत्येक ओळीवर त्याचं बारीक लक्ष.

"प्रोफेशन टॅक्स," अकाउंट्समधल्या मित्राने डब्यातून मान वर न काढता सांगितलं. "अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. महिन्याला दहा हजारांच्या वर पगार असला की एवढा लागतो. मुलींना पंचवीस हजारांपर्यंत माफ, २०२३ पासून."

"आणि हे जातात कुठे?"

"रोजगार हमी योजनेसाठी आणला होता हा टॅक्स. मागेल त्याला काम!"

झालं! ठिणगी पडली. आमच्या टीममधली सीनियर अ‍ॅनालिस्ट, जिची पीपीटी बघून क्लायंटही गप्प बसतो, तिने चमचा खाली ठेवला. "म्हणजे मी रात्री अकरापर्यंत स्लाइड्स करत बसायचं आणि सरकारने तो पैसा वाटत सुटायचं? इन्कम टॅक्स वेगळा, त्यावर सेस वेगळा, प्रत्येक पिझ्झ्यावर जीएसटी वेगळा. रस्त्यात खड्डे आहेत ते आहेतच!"

खरं सांगा, तुम्हीही हे वाक्य कधी ना कधी म्हटलंय ना? मीही म्हटलंय. म्हणूनच त्या दिवशी ठरवलं, या दोनशे रुपयांचा माग काढायचा.

दुष्काळ, मिलो आणि पागे

गोष्ट सुरू होते १९७२ च्या दुष्काळापासून. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. रेशनवरची मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं आणि कामावर मिळणारी सुकडी हे तीन शब्द त्यांच्या तोंडून येतीलच. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. ज्यांच्या शेतात काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या घरची चूल या कामांनी पेटती ठेवली.

यामागची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. दुष्काळाच्या आधीच, १९६५ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा छोटा प्रयोग झाला होता. तत्त्व एकदम साधं: ज्याला अंगमेहनतीचं काम हवंय, त्याला सरकारने काम द्यायचं. दानधर्म नाही. घाम गाळा, मजुरी घ्या.

पण पैसा आणायचा कुठून? इथे शहर पिक्चरमध्ये येतं. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या नोकरदाराने, डॉक्टरने, वकिलाने, दुकानदाराने थोडा वाटा उचलायचा. इतरही काही करांची भर पडली आणि जमलेल्या रकमेइतकीच रक्कम सरकारनेही घालायची असं ठरलं. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागूनही काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता! आपल्या स्लिपवरचे दोनशे रुपये म्हणजे शहराने गावाशी केलेला एक करार होता.

आता एक गंमत. या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेनेच घातलीय. १९८८ मध्ये ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपये झाली. त्यानंतर ती हललीच नाही. म्हणजे आमच्या नवख्याचा वाटा अडीच हजार आणि वरच्या मजल्यावर बसणाऱ्या सीईओचाही अडीच हजारच! यावर कॅन्टीनमध्ये पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं.

"पण पैसे खातात ना!"

हा मुद्दा खोटा नाही. रोजगार हमीचा इतिहास बोगस मस्टरशिवाय पूर्ण होत नाही. कागदावर मजूर, कागदावर तलाव, खरे फक्त पैसे. दुसरीकडे, शहरातून जमा झालेला निधी पडून राहतो आणि गावात काम मिळत नाही, अशीही टीका झाली. ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्यांची तक्रारही जुनीच आहे.

तरीही या कल्पनेत एक हुशारी आहे. मे महिन्याच्या उन्हात दिवसभर खडी फोडायला कोण येईल? ज्याला दुसरा पर्यायच नाही, तोच. खोटा दाखला काढून कुणी धट्टाकट्टा श्रीमंत तिथे उभा राहणार नाही. गरीब कोण हे साहेबाने ठरवायचं नाही, ते कामच ठरवतं. दिल्लीने २००५ मध्ये वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण घरी लॅपटॉप उघडून बसलो आणि शहरं बांधणारी माणसं चालत गावी गेली, तेव्हा केंद्राने त्याच योजनेत ४० हजार कोटी रुपये जादा टाकले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी १२५ दिवसांची आहे, पण महाराष्ट्रासारख्या राज्यांनी ४० टक्के खर्च उचलायचा आहे. म्हणजे फिरून प्रश्न पुन्हा राज्याच्या तिजोरीपाशी, पर्यायाने आपल्या स्लिपपाशी!

"मग लाडकी बहीण?" नवख्याने विचारलं. बरोबर आहे. २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी महिन्याला १,५०० रुपयांची ती योजना आली आणि 'रेवडी' हा शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी झाला. हातात स्वतःचे पैसे आले की बाईला घरात किंमत येते, असं म्हणणारेही आमच्यात होते. मतांची बेगमी म्हणणारेही होते. मला यातला फरक एवढाच दिसतो: योजना सरकार देतं आणि सरकारच्या मनात आलं की आटपते. कायद्याने दिलेली हमी असेल तर माणूस ती मागू शकतो, नाही मिळाली तर भांडू शकतो. टॅक्स कुठे जावा यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. आपल्या पैशातून हक्क दिला जातोय की उपकार?

आणि हो, फुकटचं फक्त 'ते'च खातात असंही नाही. तुमच्या-माझ्या लोकलच्या पासातून प्रवासाचा पूर्ण खर्च निघत नाही. रेल्वे तो खड्डा मालगाडीच्या कमाईतून भरते. जुन्या करपद्धतीत घरकर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, तीही सरकारने सोडून दिलेल्या टॅक्समधूनच. आपण तिला सबसिडी म्हणत नाही, 'टॅक्स प्लॅनिंग' म्हणतो!

कसाबचा वकील

"बरं, काम देता ते ठीक," आमची अ‍ॅनालिस्ट हार मानणाऱ्यातली नव्हे. "पण गुन्हेगारांना वकील? तोही आपल्या पैशाने? कसाबलासुद्धा दिला होता!"

दिला होता. आणि मुंबईकराच्या मनाला ते टोचतं, यात वावगं काही नाही. पण २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टाने त्याची फाशी कायम करताना त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितली. अटक झालेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा कोर्टासमोर उभं केलं की, तुला वकील करायचा हक्क आहे आणि पैसे नसतील तर तो मोफत मिळेल, हे मॅजिस्ट्रेटने सांगितलंच पाहिजे. कसाबच्या केसमधून मिळालेलं हे संरक्षण उद्या चुकून पकडल्या गेलेल्या तुमच्या भावालाही आहे. वकील असूनही फाशी झाली, म्हणून तर त्या निकालाकडे जगात कुणाला बोट दाखवता आलं नाही.

याची मुळं जुनी आहेत. १९७६ मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आलं: पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सुप्रीम कोर्टाने बजावलं की कैद्याला मोफत वकील देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, भूतदया नाही. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यातून बिहारच्या तुरुंगांचं भयानक चित्र बाहेर आलं. गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ काही जण नुसते खटल्याची वाट बघत आत होते. आणि १९८० मध्ये, भागलपूरमध्ये कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात, कोर्टाने सरळ सांगून टाकलं: वकिलासाठी पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही.

मुंबईचाही यात वाटा आहे. पत्रकार शीला बर्से मुंबईच्या सेंट्रल जेलमधल्या बायकांशी बोलल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं काहींनी सांगितलं. बर्सेंच्या पत्राची सुप्रीम कोर्टाने दखल घेतली आणि १९८३ मध्ये आदेश दिले: बायकांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलीस आणि अटक होताच विधी साहाय्य समितीला खबर.

"तरी खर्च आपलाच!" ती म्हणाली. हो, पण वकील न दिल्याचाही खर्च आपलाच असतो. भारतातल्या तुरुंगात दर चार माणसांमागे सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. जामिनाची रक्कम नाही म्हणून आत बसलेल्याचं जेवण, पहारा, कोर्टाच्या फेऱ्या, सगळं टॅक्समधून! आणि घरातला कमावता हात गेला तो वेगळाच.

"मला मिळेल?"

त्यानंतर काही दिवसांनी ती माझ्या डेस्कपाशी आली. पुढचं तिच्या परवानगीने लिहितोय. तिची मोठी बहीण दोन बॅगा आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन रात्री माहेरी आली होती. नवऱ्याचे हात उठत होते. बहिणीला स्वतःची कमाई नाही, वडील रिटायर्ड, हिचा अर्धा पगार घराच्या हप्त्यात. वकिलाने सांगितलेली फी ऐकून सगळे गप्प झाले होते.

"तू त्या दिवशी बोलत होतास ते... ताईला मिळेल?"

मिळेल. कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं १२ वं कलम बाईचं उत्पन्न विचारतच नाही. ती बाई आहे, एवढं पुरेसं आहे. "म्हणजे मलाही?" तिने विचारलं. हो, तुलाही. तुझ्या पॅकेजसकट!

दोघी कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसमध्ये गेल्या. अर्ज एका पानाचा. सगळं काही गोड झालं असं नाही. पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. तिने लेखी तक्रार केली, तेव्हा वकील बदलून मिळाले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज गेला आणि काही महिन्यांनी बहिणीला मुलासाठी आणि स्वतःसाठी अंतरिम पोटगीचा आदेश मिळाला. केस अजून चालू आहे.

"फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ, हे लोक उगाच म्हणत नाहीत," ती म्हणाली. "पण तो नसता तर ताई परत त्या घरी गेली असती."

फी कमी, म्हणून काही वकिलांचं लक्ष कमी, हा या योजनेचा जुना रोग आहे. २०२२ मध्ये आरोपींच्या केसेससाठी पूर्ण वेळ पगारी वकील नेमण्याची पद्धत सुरू झाली, ती यावरच उपाय म्हणून. त्याला पैसा लागणार आणि तो टॅक्समधूनच येणार. वाईट वकील मिळतो म्हणून योजना बंद करा म्हणायचं, की चांगला वकील द्या म्हणून भांडायचं, हे टॅक्स भरणाऱ्यानेच ठरवायचंय.

वर्षाचे अडीच हजार म्हणजे दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. ते भरताना कुरकुर करायला माझी हरकत नाही. फक्त कुरकुर करून गप्प बसू नका. पैसे कुठे गेले हे विचारायला माहितीचा अधिकार आहे, फी दहा रुपये. काम मिळालं का, वकील आला का, निधी पडून राहिला का, विचारा!

मार्चची स्लिप आली तेव्हा नवखा पुन्हा मोबाइल घेऊन आला. "या वेळी दोनशेच कापलेत."

आमची अ‍ॅनालिस्ट हसली. "राहू दे रे," म्हणाली. "हिशेब मात्र माग."

चौकट: मोफत वकील कुणाला?

- कोणतीही महिला आणि कोणतंही मूल. उत्पन्नाची अट नाही.
- अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती.
- अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी.
- पूर, भूकंप, दंगल यांसारख्या आपत्तीत सापडलेले.
- पोलीस किंवा न्यायालयीन कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती.
- ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले.

अर्ज जिल्हा किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवेच्या ऑफिसमध्ये करायचा. देशभरची हेल्पलाइन: १५१००. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे सही करण्याआधी नीट वाचा!