सीबीजीची तोडणी

सकाळी ६:३०
मेडफर्ड, ऑरेगन. ऑक्टोबरचा शुक्रवार, अजून उजाडायचंय. नाशपातीच्या बागांवर धुकं. व्हॅनमधून सात जण उतरतात. येण्याजाण्याचे माणशी ८ डॉलर व्हॅनवाला आत्ताच घेतो. आज मी दोन्यांच्या मागे. दोन्या म्हणजे स्पॅनिशमध्ये आदराने ‘बाई’. त्या मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या, पन्नाशी उलटलेल्या.

७:००
डोक्याला बॅटरी, हातात निळे ग्लोव्ह्ज, छाटणीची कात्री. झाडं खांद्याला लागतात. आहेत गांजाचीच, पण नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत, म्हणून कायद्याच्या लेखी हेम्प. लावलीत सीबीजीसाठी, म्हणजे कॅनाबिजेरॉलसाठी. याने नशा येत नाही. झाडात आधी याचं आम्ल तयार होतं, मग त्याचंच टीएचसी नाहीतर सीबीडी, म्हणजे दुसरं बिननशेचं द्रव्य, होतं. त्यामुळे साध्या झाडात तोडणीपर्यंत सीबीजी जेमतेम एखादा टक्का उरतं. या वाणात पुढचं गाडं अडलेलं आहे, म्हणून ते साठत जातं. मालकाला त्याचा दिलासा. सीबीडीचं पीक तोडायला उशीर झाला, की टीएचसी हद्द ओलांडू शकतं आणि उभं पीक मोडायची वेळ येऊ शकते. इथे ती धास्ती कमी.

९:१५
फुलांचा चीक पात्यांवर काळा पडतो. कात्री मिटली की उघडत नाही. दोन्यांकडे दोन कात्र्या, दोन्ही घरच्या. एक हातात, दुसरी अल्कोहोलच्या डब्यात. शेतावरच्या बोथट असतात, म्हणतात. मी फांदी धरायला जाते.

‘ग्लोव्ह्ज घाल, पोरी. चीक दोन दिवस निघणार नाही.’

१२:००
अर्धा तास सुट्टी, बिनपगारी. टॉर्टिया, वाटलेला घेवडा, हिरवी मिरची. दोन्या उजवं मनगट चोळतात. त्यांची आजी दारूत गांजाचा पाला मुरवायची, सांध्यांना लावायला.

मी मॅकमास्टर विद्यापीठाचं सांगते. २०२० मध्ये तिथे सीबीजीने उंदरांमधला चिवट एमआरएसए जंतूंचा संसर्ग आटोक्यात आणला.

‘उंदीर. आणि माणसं?’

माणसंही आहेत. २०२४ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने ३४ जणांना २० मिलिग्रॅम सीबीजी आणि नुसतं दिखाऊ औषध आळीपाळीने दिलं. सीबीजी घेतल्यावर घालमेल कमी झाली, असं त्यांनी स्वतःच नोंदवलं. ३४ म्हणजे आमच्या पाच व्हॅनभर माणसं. एवढ्यावर बाटलीभर आश्वासनं विकणं मला तरी घाईचं वाटतं.

‘मनगटाचं काही?’

मनगटाचं त्यात काही नव्हतं.

२:३०
कोठार. तोडलेल्या फांद्या तारेवर उलट्या टांगायच्या. दोन फांद्यांमध्ये हात जाईल एवढी फट हवी, नाहीतर बुरशी धरते आणि माल बाद. पंखे घरघरताहेत. दोन्या शिडीवर, मी खालून फांद्या देते. पंधरा मिनिटांत माझे खांदे भरून येतात.

५:३०
सुट्टी. दोन्या तळहातावर खाण्याचं तेल घेऊन मनगटापर्यंत चोळतात, मग साबण. नुसत्या साबणाला चीक दाद देत नाही.

हिशोब. तासाला १५.०५ डॉलर, ऑरेगनच्या या भागातलं २०२५ च्या जुलैपासूनचं किमान वेतन. सोमवारपासून ४० तास भरलेत, आजचे १०. आठवड्याला ४८ च्या वरचे तास दीडपट, म्हणजे आजचे दोन. एकूण १६५ डॉलर ५५ सेंट, व्हॅनचे ८ वजा.

मुकादम विचारतो, उद्या येणार? सगळे तास दीडपट पडतील.

‘येते. पण ग्लोव्ह्जचं नवं खोकं आण. मीडियम.’