मनावरील आघात आणि आतड्यांचा जुनाट दाह

भीतीने पोटात गोळा उठतो, दुःखात अन्न गोड लागत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु आतड्यांच्या जुनाट दाहाने पीडित असलेल्यांच्या बाबतीत मन आणि पोट यांचा हा संबंध अधिक गंभीर ठरतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण करणारा 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' व पचनमार्गाच्या कोणत्याही भागात उद्भवणारा 'क्रोन्स डिसीज' हे असे दोन प्रमुख विकार होत. वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, पोटदुखी आणि वजन घटणे ही त्यांची लक्षणे. हे विकार काही काळ शमतात व पुन्हा उचल खातात.

कोलायटिस मुळात मनातूनच उद्भवतो, असे विसाव्या शतकाच्या मध्यास काही तज्ज्ञ मानीत. ही उपपत्ती आता मागे पडली आहे. आनुवंशिकता, आतड्यातील सूक्ष्मजीव आणि रोगप्रतिकार यंत्रणेतील बिघाड यांचा या विकारांशी संबंध आहे. मानसिक ताण हे त्यांचे मूळ कारण नव्हे. मात्र शमलेला विकार उफाळून येण्यास तो हातभार लावू शकतो.

भूकंपानंतरची पाहणी

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला भूकंप व त्सुनामीचा तडाखा बसला. त्यानंतर तेथील डॉक्टरांनी अशा रुग्णांची पाहणी केली. कोलायटिसच्या रुग्णांमध्ये विकार उलटण्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या तुलनेने वाढलेले आढळले. क्रोन्सच्या रुग्णांत तशी वाढ दिसली नाही. आहारातील बदल आणि कुटुंबाच्या आर्थिक स्थितीची चिंता यांचाही या वाढीशी संबंध दिसून आला.

आतड्यांच्या भित्तिकेत कोट्यवधी मज्जापेशी असून मेंदूशी त्यांचा सतत संपर्क असतो. ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आतड्यांची हालचाल बदलते, अस्तराची संरक्षक शक्ती उणावते आणि दाहाला वाव मिळतो. उलटपक्षी, दीर्घ आजारही मनाला खचवितो. प्रवासात शौचालय मिळेल की नाही, नोकरी टिकेल की नाही, या विवंचनेत रुग्ण एकाकी पडतो.

रुग्ण व कुटुंबीयांसाठी

'फार विचार करतोस म्हणून आजारी पडतोस', असा दोष रुग्णास देणे अन्यायाचे आहे. मन शांत ठेवण्याचे उपाय औषधांना पूरक आहेत, पर्याय नव्हेत. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषधे थांबवू नयेत. पुरेशी झोप, झेपेल इतका व्यायाम आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. शोक किंवा संकट ओढवल्यास डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगावे. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक सल्ला विनामूल्य मिळतो. पोटाच्या रुग्णाने मनासाठी साहाय्य मागणे यात कमीपणा कसला? तो उपचाराचाच एक भाग होय.