उतारवयातली लघवीची तक्रार आणि ताकदीच्या गोळ्या

रात्री तीन-चार वेळा आजोबांची काठी वाजते, दाराची कडी निघते, पुन्हा लागते. घरात सगळ्यांना ऐकू येते, पण विचारत कुणी नाही. आजोबाही लाजेने सांगत नाहीत. फार तर मुलगा तालुक्याहून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली घेऊन येतो.

पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी पौरुषग्रंथी असते. डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणतात. लघवीची नळी तिच्यामधून जाते. पन्नाशीनंतर पुष्कळांची ही ग्रंथी वाढते, नळी आवळली जाते आणि धार बारीक होते. ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून घरबसल्या निवाडा करता येत नाही. वारंवार लघवी मधुमेहानेही होते, हेही ध्यानात असू द्या.

आता त्या बाटलीविषयी. 'ई' जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज यांनी या ग्रंथीचा कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी २००१ साली अमेरिकेत मोठी चाचणी सुरू झाली. ३५ हजारांहून अधिक पुरुषांनी भाग घेतला. काहींना खऱ्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये हिशेब लागला तो उलटाच. सात वर्षांत बिनऔषधी गोळीवाल्यांत हजारी ६५ जणांना हा कर्करोग झाला, तर नुसते 'ई' घेणाऱ्यांत हजारी ७६ जणांना! म्हणून शेंगदाणे किंवा करडईचे तेल सोडू नका. त्या गोळीतले 'ई' रोजच्या गरजेच्या कितीतरी पट होते.

अमेरिकेतल्या एका बुटक्या ताडाच्या फळांचा अर्कही लघवीच्या तक्रारीवर खपतो. तिप्पट मात्रा देऊनही तो बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरला नाही, हे २०११ मध्येच दिसले.

खरी औषधे आहेत आणि ती पुष्कळांना लागू पडतात. गरज पडल्यास शस्त्रक्रियाही होते. आधी लघवी व रक्त तपासून घ्यावे. झोपण्यापूर्वीचा चहा बंद करावा. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, त्या मनाने घेऊ नयेत. लघवीतून रक्त आले तर उशीर नको. लघवी पार तुंबली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा. नळी घालून ती मोकळी करतात. जाताना घरातली गोळ्यांची बाटलीही बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी.