शेडचं घर : आधी छप्पर, मग बाकी सगळं

शिरोली एमआयडीसीत आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी इंडस्ट्रियल व्हिजिटला जाऊन आलेत. फौंड्रीची भट्टी, मोल्डिंगची वाळू आणि परत येताना खाल्लेला कट वडा, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण जिथं भट्टी नाही, नुसती लेथ मशिनं आहेत, त्या शेडमध्येही एप्रिलच्या दुपारी जीव नकोसा का होतो, हे कुणी रिपोर्टमध्ये लिहीत नाही. मला हा प्रश्न सोडवायला बसावं लागलं, कारण तो आमच्या घरचाच प्रश्न झाला.

माझ्या मामाची एमआयडीसीच्या हद्दीला लागून, पण हद्दीबाहेर, स्वतःच्या बिगरशेती जागेत एक शेड आहे. पंचवीस फूट बाय चाळीस फूट, नऊ इंची विटांच्या भिंती, लोखंडी कैच्या आणि वर सिमेंटचे जुने पत्रे. (ट्रसला कैची म्हणतात हे मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, ते फॅब्रिकेटरकडून कळलं!) तिथं मामा जॉबवर्क करायचा. ते बंद झालं, मशिनं विकली गेली, शेड रिकामी झाली. आणि मामा, मामी, आजी, दोन मुलं भाड्याच्या दोन खोल्यांत. आता शेड पाडून कर्ज काढून बंगला बांधायचा, की शेडचंच घर करायचं? घरात दोन पार्ट्या पडल्या. आजीनं तर सांगूनच टाकलं, "त्या भट्टीत मी ऱ्हाणार न्हाई बघा."

मित्रांनो, आजीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण "भट्टी का?" हे एकदा कळलं, की ती विझवताही येते. या लेखात तेवढंच सांगायचंय.

आधी कागद, मग कुदळ

एमआयडीसीचा प्लॉट साधारणपणे ९५ वर्षांच्या लीजवर आणि उद्योगासाठी मिळतो. त्यावरची शेड "आमचीच आहे की" म्हणून घर करता येत नाही. मामाची जागा हद्दीबाहेर आहे म्हणूनच हा विषय निघाला. तरीसुद्धा औद्योगिक वापर बदलून निवासी वापर करायला परवानगी लागतेच. ती हातात येण्याआधी एक वीटही हलवू नये.

दुसरा कागद पुराचा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापूरच्या पोराटोरांना पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. आपल्या जागेत तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या चार जुन्या माणसांना विचारायचं आणि स्विचबोर्ड, मीटर, इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर घ्यायचं.

भट्टीचं गणित

हीट ट्रान्सफरचा पेपर आठवा. घाबरू नका, फक्त गुणाकार आहे.

एखाद्या छपरातून किती उष्णता आत येते, हे यू-व्हॅल्यूवरून कळतं. जुन्या सिमेंटच्या पत्र्याची यू-व्हॅल्यू सुमारे ५.४ येते. म्हणजे वर आणि खाली एका अंशाचा फरक असला, की एका चौरस मीटरमधून ५.४ वॅट उष्णता आत. आता फरक किती? बाहेर हवा ३७ अंश असली, तरी पत्र्यावर ऊन पडतंय. काळपट पडलेला पत्रा उन्हातला पाऊण भाग शोषून घेतो. ऊन धरलं ९०० वॅट प्रति चौरस मीटर, की पत्र्याच्या दृष्टीनं बाहेरचं तापमान ३७ नसून ६७ च्या आसपास जातं. आत ३२ अंश धरले तर फरक ३५ अंशांचा.

३५ गुणिले ५.४, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १९० वॅट. छप्पर ९३ चौरस मीटर. एकूण साडेसतरा किलोवॅट! म्हणजे एक-एक किलोवॅटचे सतरा हीटर डोक्यावर लावून माणसं खाली बसवल्यासारखं. हे एसीनं काढायचं म्हटलं, तर एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे नुसत्या छपरासाठी पाच टन. शिवाय पत्र्याची खालची बाजू पन्नास-पंचावन्न अंशांवर तापलेली असते, आणि तो तवा थेट आपल्या टाळूवर रेडिएशन सोडत राहतो. पंखा कितीही फिरवा, तो हीच गरम हवा खाली ढकलणार.

आता दोन बदल करून बघू.

पहिला, पत्रा पांढरा केला. पांढरा रंग उन्हातला तीस टक्केच भाग घेतो असं धरा. १९० वॅटचे झाले सुमारे ७८. नुसत्या रंगानं निम्म्याहून जास्त उष्णता बाहेरच्या बाहेर!

दुसरा, पांढऱ्या पत्र्याखाली इन्सुलेशन आलं. पन्नास मिलिमीटरचं पफ पॅनल घेतलं तर यू-व्हॅल्यू ०.४३ च्या आसपास येते. १९० चे झाले सहा-सात वॅट. अख्ख्या छपराचे सतरा हीटर जाऊन राहिला अर्ध्या-पाऊण किलोवॅटचा एक.

आपल्या देशात २०१८ साली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनं घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छपराची यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२ असावी असं म्हटलंय. जुनी शेड त्याच्या साडेचार पट वर, आणि नवं छप्पर त्याच्या बरंच खाली. हा आकडा दाखवला तेव्हा मामा पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला.

छपरालाच एवढं महत्त्व का? कारण कोल्हापूर साधारण पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. ऐन उन्हाळ्यात भिंतीपेक्षा छपरावर कितीतरी जास्त ऊन पडतं. म्हणून पैसे थोडे असतील, तर ते आधी वर घालायचे.

पत्रा : इथं हिरोगिरी नको

"आपणच चढू आणि पत्रे उतरवू, त्यात काय?" असं मामेभाऊ म्हणाला. यात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही जिवावर बेतणाऱ्या.

एक, जुना सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो, पण माणसाच्या वजनानं पापडासारखा मोडतो. त्याच्यावर थेट पाय ठेवायचा नाही. पर्लिनवर टेकलेल्या फळ्या आणि सेफ्टी बेल्ट पाहिजेच.

दोन, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शांत पडून असला तर धोका कमी. पण तो फोडला, कापला, ड्रिल मारलं किंवा कोरडा घासला, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसनं कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आजार दिसायला वीस-तीस वर्षंही जातात, त्यामुळे "आम्ही इतकी वर्षं फोडतोय, काय झालं?" या युक्तिवादाला अर्थ नाही.

म्हणून हे काम माहीतगार टीमला द्यायचं. पत्रे पाण्यानं भिजवायचे, बोल्ट सोडवायचे, पत्रा अखंड खाली घ्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करून अधिकृत ठिकाणीच पाठवायचा. फोडून भरावात टाकणं किंवा कुणाच्या गोठ्याला देणं, दोन्ही नको.

नवीन पॅनल जुन्या पत्र्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे कैच्यांवर खालच्या दिशेनं भार वाढत नाही. पण हलकं छप्पर वळवाच्या वाऱ्यात वर उचललं जातं! म्हणून कैच्या, वेल्डिंग आणि पॅनलचे स्क्रू हे सिव्हिलवाल्याकडून तपासून घ्यायचं. पफचा फोम जळतो आणि धूर विषारी असतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या वर खालून जिप्सम बोर्ड हवाच.

भिंती पाडू नका, वापरा

या शेडच्या भिंतींत माझ्या हिशोबानं तेरा-चौदा हजार विटा आहेत. त्या एकदा भाजून झाल्यात. पाडल्या तर नव्या विटा परत भट्टीत भाजायच्या, म्हणजे परत जळण आणि परत ट्रकचं डिझेल. घर वीज किती खातं ते आपण मोजतो, पण घर बांधताना खर्ची पडलेली ऊर्जा कुणी मोजत नाही.

शिवाय या भिंती म्हणजे फुकटची बॅटरी आहे. वजन सुमारे पन्नास टन. त्या एक अंशानं गार व्हायला जवळजवळ बारा युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते. रात्री भिंती दोन अंशांनी गार झाल्या, की दुसऱ्या दिवशी तेवढीच, म्हणजे तेवीसएक युनिट उष्णता त्या गुपचूप गिळू शकतात. एक टनाचा एसी सहा-साडेसहा तास चालवल्यावर जे काम होईल, ते!

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. दिवसा कितीही तापलं तरी संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि रात्री बऱ्यापैकी गारवा येतो. म्हणून पद्धत अशी : दिवसा खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. रात्री खालच्या खिडक्या आणि उंचावरचे झरोके दोन्ही उघडे, म्हणजे गरम हवा वरून जाते आणि गार हवा खालून येते. जाळी मात्र सगळीकडे. आणि भिंतीला आतून पीओपी किंवा प्लायवूडचं पॅनेलिंग करू नका. बॅटरीला गोधडी पांघरल्यासारखं होईल.

इथं शिरोलीची एक खास अडचण आहे. रात्रपाळीत फौंड्रीची धूळ उडते. म्हणून रात्री उघडायच्या खिडक्या फौंड्रीच्या विरुद्ध बाजूला घ्यायच्या. मामाच्या पश्चिमेला शेती आहे, हे नशीब. त्याच पश्चिमेच्या भिंतीवर तिरपं ऊन पडतं, तेव्हा बाहेरून वेल किंवा बांबूचा तट्ट्या लावायचा. उन्ह भिंतीवर पडून तापल्यावर आत पडदे लावून उपयोग नसतो.

उजेडासाठी छपरात पारदर्शक पत्रा टाकायचा मोह होतो. टाळा! जुन्या कापड गिरण्यांची करवतीसारखी छपरं आठवा. त्यांच्या काचा उत्तरेला असायच्या, म्हणजे उजेड येतो पण ऊन येत नाही. आपणही उत्तरेच्या भिंतीत वर झरोके काढायचे.

जर्मनीची कॉपी चालणार नाही

इंटरनेटवर "कमी ऊर्जेचं घर" शोधलं की पहिल्यांदा पॅसिव्ह हाउस दिसतं. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात पहिलं उभं राहिलं. कल्पना जबरदस्त आहे : घर इतकं हवाबंद आणि इतकं जाड गुंडाळायचं, की गरम करायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटच्या वर ऊर्जा लागू नये. पण त्यांचा शत्रू थंडी आहे, आपला ऊन. ते जमिनीलाही इन्सुलेशन घालतात. आपण घालायचं नाही, कारण आपली जमीन उन्हाळ्यात हवेपेक्षा गार असते आणि शहाबादी फरशीवरून तो गारवा पायाला मिळतो. फक्त मशिनशॉपचा जुना कोबा तेल प्यायलेला असतो, तेवढा वरचा थर खरवडून काढावा लागतो. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच : आधी मोजा, आधी गरज कमी करा, मग यंत्रं आणा.

सोलर सगळ्यात शेवटी

हल्ली घर म्हटलं की लोक आधी सोलर पॅनलची चौकशी करतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं, ही चांगलीच गोष्ट. पण ३ किलोवॅटचं पॅनल चांगल्या दिवशी बारा युनिट देतं. छप्पर भट्टी असेल तर ते सगळे एसीच खाऊन टाकेल.

आधी छोट्या गोष्टी. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी पंखा ३० वॅट. पाच पंखे बारा तास चालले तर दिवसाला २.७ युनिट वाचले. अंघोळीचं १०० लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात, ते सोलर हीटरवर टाकायचं. आणि पावसाळ्यात? आजीचा तांब्याचा बंब आहेच की! आणि पावसाचं म्हणाल, तर कोल्हापुरात वर्षाला हजारएक मिलिमीटर पडतो. याच छपरावरून सत्तर-ऐंशी हजार लिटर पाणी गटारात जाण्याऐवजी टाकीत आणि बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जाऊ शकतं.

काय स्वतः करायचं, काय नाही

स्वतः : मापं घेणं, सूर्य आणि वाऱ्याच्या दिशा लिहून काढणं, पार्टिशनच्या विटा रचणं, चुना, रंग, जाळ्या, फरशी, वेल. कामावरून आल्यावर आणि रविवारी होण्यासारखं आहे.

दुसऱ्याकडून : जुने पत्रे, कैच्यांची तपासणी, वेल्डिंग, वायरिंग आणि अर्थिंग. इथं वाचवलेले पैसे दवाखान्यात जातात.

मामानं शेवटी शेड न पाडण्याचं ठरवलंय. परवानगीचा अर्ज दिलाय, छपराचं कोटेशन आलंय, बंगल्यासाठी काढायच्या कर्जाचा विचार तूर्त बाजूला पडलाय. आजीची अट एकच : छप्पर झालं की मे महिन्यात दुपारी दोन वाजता ती तिथं तासभर झोपून बघणार, आणि मगच सामान हलवायचं. यापेक्षा चांगली टेस्टिंगची पद्धत आपल्या सिलॅबसमध्येही नाही.

तुमच्याही गावाकडं एखादं बंद पडलेलं गुऱ्हाळघर, वखार किंवा पोल्ट्रीची शेड असेल. पाडायचा विषय निघाला, तर आधी टेप घेऊन छप्पर मोजा, वरचा गुणाकार करा आणि कागद घरच्यांपुढं ठेवा.