कोरीवकामाची फाइल कुणाच्या मालकीची?

७ जुलै २०१८ या दिवशी ऑटोडेस्क या अमेरिकी कंपनीने ‘आर्टकॅम’ची विक्री थांबवली. लाकडावर, दगडावर, धातूवर नक्षी कोरणाऱ्या यंत्रांना वाट आखून देणारे हे सॉफ्टवेअर. त्याचा वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण मानोरा, मंगरूळपीर, कारंजा किंवा शेजारचे दिग्रस अशा तालुक्याच्या गावांतला लाकडी कोरीवकामाचा धंदा गेल्या काही वर्षांत बदलला आहे. फर्निचरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आता पटाशी आणि मोगरीच्या जोडीला राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणारे यंत्र, आला. तेराशे बाय पंचवीसशे मिलिमीटरच्या टेबलाचा, म्हणून सगळे त्याला ‘तेरा-पंचवीस’ म्हणतात. दारावरचा गणपती, देव्हाऱ्याची कमान, पलंगाच्या डोक्याकडची वेलबुट्टी त्यावर निघते. बंजारा समाजाची पोहरादेवी मानोरा तालुक्यातलीच. तेव्हा दारावर संत सेवालाल महाराजांची प्रतिमा हवी असणारे गिऱ्हाईकही इथलेच.

यंत्र दिसते, आवाज करते, बुरा उडवते. त्यामुळे मालकाचे सगळे लक्ष त्याच्याकडे असते. किती किलोवॉटचा स्पिंडल, कुठली मोटर, रेल कुठल्या बनावटीची, याची चौकशी दहा ठिकाणी होते. सॉफ्टवेअरची चौकशी कुणी करत नाही. यंत्र विकणारा माणूस संगणकात काहीतरी ‘टाकून’ देतो, दोन दिवस शिकवतो आणि गाडीत बसतो. खरी अडचण तिथे सुरू होते, आणि ती वर्ष-दोन वर्षांनी उघडी पडते.

या कामात सॉफ्टवेअर नेमके काय करते, ते आधी पाहू. चित्राला उंची-खोली देऊन त्याचा उठाव तयार होतो. धंद्यात त्याला रिलीफ म्हणतात. मग कुठल्या टूलने, किती खोल, किती वेगाने, किती अंतर सोडून चालायचे हे ठरवून टूलची वाट आखली जाते. सात बाय तीन फुटांच्या दारावर गोल टोकाचे बॉल-नोज टूल अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने फिरवायचे, तर सुमारे १८३० फेऱ्या होतात आणि टूल जवळपास ३.९ किलोमीटर चालते. मिनिटाला चार मीटर वेग धरला तर सोळा तास. अंतर ०.३ मिलिमीटर केले की तेच काम सत्तावीस तासांवर जाते. इतक्या वेळात आमच्याकडची वीज कितीदा जाईल हे सांगायला नको. हातात धरायच्या डीएसपी रिमोटवर चालणारे बहुतेक कंट्रोलर, म्हणजे यंत्राला हलवणारे नियंत्रक, थांबलेली जागा लक्षात ठेवतात आणि तिथून काम पुन्हा धरतात. संगणकावरून थेट चालणाऱ्या माक-थ्रीसारख्या कंट्रोलमध्ये संगणकच बंद पडला की ती जागा हाताने शोधावी लागते.

वाट आखून झाली की ती यंत्राला समजेल अशा ओळींत उतरवायची, म्हणजे जी-कोडमध्ये. हे काम ‘पोस्ट’ नावाचा छोटा भाग करतो. सगळ्या किमती वैशिष्ट्यांपेक्षा हा भाग महत्त्वाचा, असे माझे ठाम मत आहे. जी-कोडचा सांगाडा जुना आणि जगभर सारखा आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत आरएस-२७४ आणि नंतर आयएसओ ६९८३ या नावांनी तो प्रमाणित झाला. पण प्रत्येक कंट्रोलरची बोली थोडी वेगळी असते. टूल बदलण्याची आज्ञा एकाला कळते, दुसऱ्याला नाही. एकाला माप मिलिमीटरमध्ये लागते, फाइलमध्ये ते इंचात असते. पोस्ट चुकीचा निवडला तर टूल वर न उचलता आडवे धावते आणि पंधराव्या तासाला दार वाया जाते. त्या सागवानाची किंमत सॉफ्टवेअर कंपनी भरून देत नाही.

आर्टकॅमचा जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डेलकॅम कंपनीत झाला. कोरीवकाम करणारे, सराफ, साचे बनवणारे यांच्यासाठी ते सोयीचे होते. भारतातल्या राउटरवाल्यांनीही ते मनापासून स्वीकारले. २०१४ मध्ये ऑटोडेस्कने डेलकॅम विकत घेतली. २०१६ मध्ये त्याच कंपनीने आपल्या बहुतेक उत्पादनांचे कायमचे परवाने विकणे बंद केले. आता वर्गणी भरायची आणि ती भरत राहायची. आणखी दोन वर्षांनी आर्टकॅमच बंद. ज्याने मेहनतीने या सॉफ्टवेअरवर हात बसवला होता त्याचा यात काहीही दोष नव्हता. मूळ प्रोग्रामच्या हक्कांचा परवाना घेऊन ‘कार्व्हेको’ ही ब्रिटिश कंपनी पुढे आली, म्हणून आर्टकॅमचा धागा तुटला नाही. पण या घडामोडीची खबर विदर्भातल्या किती शेडपर्यंत पोहोचली? तिथे आजही जुनी आवृत्ती जुन्या संगणकावर चालू आहे आणि तो संगणक बंद पडू नये म्हणून मालक देवाला हात जोडतो.

जुना संगणक टिकवण्याचे कारण केवळ गरिबी नाही. माक-थ्री प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टमधून चालवायचे तर ३२ बिटची विंडोज लागते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. म्हणजे यंत्र, कंट्रोल, विंडोज आणि सॉफ्टवेअर अशी चार वेगवेगळी आयुष्ये एका शेडमध्ये एकमेकांत अडकलेली असतात. एकाने मान टाकली की बाकीची तीन थांबतात.

आता मदतीबद्दल. अडचण आली की विक्रेत्याला फोन लावायचा. विक्रेता अहमदाबादचा किंवा पुण्याचा. तो सांगतो, एनीडेस्क लावा, म्हणजे तिकडून तुमचा संगणक पाहता येईल. इकडे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. त्यात रेंज गेली की सगळे पहिल्यापासून. मूळ कंपनीला लिहायचे तर इंग्रजीत, परवान्याचा क्रमांक देऊन. आणि अनेकांकडे तो क्रमांकच नसतो, कारण संगणकात ‘टाकून’ दिलेली प्रत चोरीची असते. याबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे, कारण यात फसवला गेलेला माणूस स्वतःला ग्राहक समजतो. यंत्राचे लाखो रुपये त्याने मोजलेले असतात. त्यात सॉफ्टवेअर आले, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब प्रमाणे संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकते, पण इथे तर धंदाच आहे. म्हणून यंत्राच्या पावतीवर सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि परवाना क्रमांक लिहून मागा. जो विक्रेता लिहून देत नाही, त्याच्याकडून यंत्रही घेऊ नका.

पर्याय निवडताना आमच्या भागातले पैशाचे चक्रही पाहायला हवे. सोयाबीन आणि तूर घरात आल्यावर दाराची, पलंगाची मागणी येते. तुळशीचे लग्न लागले की सराई सुरू. बाकीचे महिने शेड ओस. अशा धंद्याला दरसाल ठरलेल्या तारखेला वर्गणी मागणारे सॉफ्टवेअर जड जाते. या दृष्टीने व्हेक्ट्रिकची व्हीकार्व्ह आणि अस्पायर ही जोडी मला अधिक योग्य वाटते. डेलकॅममधून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००५ च्या सुमारास काढलेली ही ब्रिटिश कंपनी एकदाच पैसे घेते, वर्षभर नव्या आवृत्त्या देते, पुढे काही न भरताही घेतलेली आवृत्ती चालू राहते. अस्पायर महाग आहे, पण उठावाचे काम नेहमीचे असेल तर ती किंमत वसूल होते. केवळ अक्षरे, जाळी, कटिंग असेल तर व्हीकार्व्ह पुरे.

ऑटोडेस्कच्याच फ्यूजन या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती अनेकांना खुणावते. तिचा इतिहास माहीत असावा. १ ऑक्टोबर २०२० पासून कंपनीने तिच्यावर मर्यादा घातल्या: एका वेळी फक्त दहा कामे संपादित करता येणार, आपोआप टूल बदलणे बंद, रिकाम्या जागेवरून टूलचा जलद प्रवास बंद. इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी स्टेप फाइल बाहेर काढण्याची सोयही काढून घेतली जाणार होती; वापरणाऱ्यांनी मोठा आवाज उठवला, तेव्हा ती राहिली. शिवाय ही आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे, दुकानासाठी नाही.

मग फुकट आणि खुले काय? फ्रीकॅड. २००२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि टूलची वाट आखणारा तिचा भाग आता ‘कॅम’ या नावाने ओळखला जातो. पोस्ट उघडा असतो. कंट्रोलरला न समजणारी ओळ आपणच काढू शकतो. चौकट, खाचा, भोके, शेतीअवजारांचे पत्र्याचे आणि फिरते भाग यांसाठी ती चांगली आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल वऱ्हाडात गावोगावी दिसते. तशा यंत्राचा एखादा तुटलेला भाग पुन्हा बनवायला फ्रीकॅड उत्तम. पण गणपतीचा उठाव कोरण्यात ती आर्टकॅमची बरोबरी करत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. त्या कामासाठी ब्लेंडर या खुल्या त्रिमितीय सॉफ्टवेअरला जोडता येणारा ब्लेंडरकॅम अधिक जवळचा. तो काळ्या-पांढऱ्या छटांच्या चित्रावरूनही उठावाची वाट काढतो. शिकायला मात्र वेळ लागतो.

शिकवणारे लांब नाहीत, हीच खरी सल आहे. साच्यांच्या आणि यंत्रभागांच्या कारखान्यांत नाव असलेले कॅमवर्क्स हे सॉफ्टवेअर गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक या कंपनीने वाढवले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या व्यवहारातून ते एचसीएलकडे गेले. सॉलिडवर्क्स या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधला कॅमचा भागही त्याच्यावरच उभा आहे. पुण्याच्या हिंजवडीत या विषयाचे जाणकार अभियंते बसतात. मुंबईच्या आयआयटीने ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांतून खुल्या सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्रफितीतले धडे तयार केले, त्यांतले कितीतरी मराठीतही आहेत. एवढे सगळे याच राज्यात असताना सुतारकाम करणाऱ्या मुलाने मदतीसाठी परक्या विक्रेत्याच्या फोनची वाट पाहावी, हे मला पटत नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारही आहेत आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. कर्जातून यंत्र येईल. ते चालवायची विद्या आयटीआयने द्यायला हवी.

पण कुठलेही सॉफ्टवेअर घ्या, एक काम त्याआधी करा. आर्टकॅमच्या आरएलएफ आणि आर्ट फाइली उघडा आणि प्रत्येक उठाव एसटीएल फाइल म्हणून बाहेर काढा. एसटीएल जवळपास सगळीकडे उघडते; आरएलएफ मोजक्याच ठिकाणी. टूलचे व्यास, वेग, खोली एका वहीत लिहून ठेवा. नीट चाललेला पोस्ट वेगळा जपून ठेवा आणि चांगल्या निघालेल्या एका दाराची जी-कोड फाइलही. हे सारे दोन पेनड्राइव्हवर, एक शेडमध्ये आणि एक घरी. नवे सॉफ्टवेअर आले की तेच दार आधी हवेत चालवून, मग एमडीएफच्या तुकड्यावर कोरून पाहा, सागवान त्यानंतर.

वाशिम जिल्ह्यातल्या आयटीआयच्या प्राचार्यांना आणि सुतारकामाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या वर्षी एका सत्रात आठवड्याचे दोन तास फ्रीकॅड आणि ब्लेंडरकॅमला द्या, आणि गावातल्या राउटरवाल्यांनाही त्या वर्गात बसू द्या. शेड चालवणाऱ्यांना इतकेच सांगणे की तुळशीच्या लग्नानंतर जुन्या फाइली काढायला सवड मिळणार नाही. ते काम या दिवाळीच्या सुट्टीत उरका.