सूर लागला, पण बोलला का?

परीक्षेचे दिवस जवळ आले की माधव नगरात संध्याकाळी फिरणाऱ्याच्या कानावर दोन-चार घरांतून तरी सतारीचे नाहीतर व्हायोलिनचे सूर पडतात. गत बरोबर असते, ताल सुटत नाही, तोडे चोख पाठ असतात. तरीही ऐकणाऱ्याचे पाऊल थबकत नाही. सूर लागतो, पण बोलत नाही. असे का व्हावे?

अशी काही मुले माझ्याकडे शिकायला येतात, म्हणून या प्रश्नाचा मला रोजच विचार करावा लागतो. दोष मुलांचा नाही. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले. जी विद्या घराण्याच्या दाराआड होती ती वर्गात आली, आणि स्वरलिपीमुळे सामान्य घरातल्या मुलामुलींच्या हाती बंदिशी पडल्या. हे ऋण मोठे आहे. पण स्वरलिपीचीही एक मर्यादा आहे. मींड दाखवायला ती दोन स्वरांवर कमान काढते आणि कणस्वर बारीक अक्षरात डोक्यावर लिहिते. कोठून निघून कोठे पोचायचे हे त्यातून कळते. किती सावकाश जायचे, वाटेत कोठे रेंगाळायचे, हे कागद कसा सांगणार? ते कानानेच घ्यावे लागते.

यावरचा उपाय जुनाच आहे. वाद्य गीताच्या मागून चालते, असे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सांगून ठेवले आहे. म्हणून मी मुलांना आधी वाद्य खाली ठेवायला लावतो आणि तीच ओळ गुणगुणायला सांगतो. आवाज गोड नसला तरी चालेल. जेथे श्वास संपतो तेथे वाक्य संपते, आणि हातानेही तेथेच थांबायचे असते. सतारीची मींड घ्या. पडद्यावर तार आडवी ओढली की स्वर चढत जातो. पण किती ओढायची हे बोटाला आधी ठाऊक नसते, ते कानाला ठाऊक असावे लागते. उस्ताद विलायत खाँ मैफिलीत बंदिश आधी गाऊन दाखवीत आणि मग तीच सतारीवर वाजवीत. ग्वाल्हेर परंपरेतले पंडित गजाननराव जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. त्यांचा गज गळ्याच्या वाटेनेच चाले, यात नवल ते काय?

दुसरा पाठ भूप आणि देशकार यांचा. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. पण भूपाचा जीव गंधारात, तर देशकाराचा धैवतात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा शांत राग, दुसरा सकाळचा, वरच्या अंगात रमणारा. तेच पाच स्वर घेऊन विद्यार्थ्याने पाच मिनिटे भूप वाजवावा आणि मग देशकार. घोटाळा होतोच. पण ज्या दिवशी तो होत नाही, त्या दिवशी मुलाला उमगते की राग स्वरांच्या यादीत नसून उच्चारात आहे.

हार्मोनियमवाले म्हणतील, आमच्या पेटीत मींड कोठून आणायची? खरे आहे, १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली तेव्हा हा आक्षेप होताच. पण गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी याच पेटीला बोलते केले. भात्याचा दाब हा पेटीचा श्वास आहे. एकाच पट्टीवर बोट ठेवून स्वर हळू उमलवायचा आणि हळू मिटवायचा, एवढे महिनाभर केले तरी फरक दिसतो. तबल्याच्या विद्यार्थ्यालाही डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा वळवता येतो. नुसता ठेका मग बोलू लागतो.

यात वेळ जातो, हे मी कबूल करतो. पालक विचारतात, “मास्तर, या वर्षी परीक्षा होईल ना?” होईल की! पण परीक्षा झाली आणि सतार गवसणीत गेली ती गेलीच, अशी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. ज्याला आपल्या मनातले काही वाद्यातून सांगता आले नाही, त्याने पुन्हा ते उचलावे कशासाठी? गुण कागदावर राहतात. एखादा गंधार मनासारखा लागला, तर तो मात्र जन्मभर परत बोलावीत राहतो.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती. मुलगा रियाजाला बसला की आज किती तोडे झाले हे विचारू नका, जरा जवळ बसा आणि म्हणा, “तो मघाचा सूर पुन्हा एकदा वाजव पाहू.”