डबाबंद, कोरडे की कच्चे : कुत्र्याच्या आहाराची निवड

मराठी घरांमध्ये पाळलेला कुत्रा पिढ्यानपिढ्या घरच्याच अन्नावर वाढत आला असून भाकरी, दूधपोळी, आमटीभात आणि मांसाहारी घर असल्यास खाटकाकडून आणलेली वजडी किंवा कोंबडीचे पाय एवढाच त्याचा आहार असे. आज शहरांतील दुकानांत कोरड्या दाण्यांची पोती, ओल्या खाद्याचे डबे व पाऊच आणि गोठवलेल्या कच्च्या मांसाची पाकिटे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात आणि प्रत्येक प्रकाराचे समर्थक आपलाच प्रकार कुत्र्याच्या निसर्गाला धरून असल्याचे सांगतात. या वादात अन्नाच्या रूपाला अवाजवी महत्त्व मिळते. ते अन्न पोषणाच्या दृष्टीने परिपूर्ण आहे का आणि कुत्र्याबरोबरच घरातील माणसांनाही ते सुरक्षित आहे का, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात.

डबा आणि दाणे ही रूपे कुत्र्याच्या पोटाची गरज पाहून नव्हे, तर कारखानदारीच्या सोयीतून घडली. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन उद्योजकाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये गहू, भाज्या आणि मांस यांपासून केलेली कुत्र्यांची बिस्किटे विकण्यास सुरुवात केली. १९२२ मध्ये अमेरिकेत ‘केन-एल रेशन’ या नावाने घोड्याच्या मांसाचे डबे बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याच्या वापरावर निर्बंध आल्यामुळे डब्यांचा व्यापार आक्रसला व कोरड्या खाद्याला वाव मिळाला आणि १९५० च्या दशकात न्याहारीच्या धान्यपदार्थांसाठी वापरली जाणारी एक्स्ट्रुजनची पद्धत कुत्र्यांच्या खाद्याला लावली गेल्यावर आजचे फुगीर दाणे तयार झाले. या पद्धतीत धान्य, मांसाची भुकटी, जीवनसत्त्वे व खनिजे यांचे ओले मिश्रण उष्णता आणि दाब देऊन साच्याच्या छिद्रातून बाहेर ढकलले जाते, वाळवले जाते आणि शेवटी त्यावर चरबीचा व चवीचा थर फवारला जातो. मिश्रण फुगून दाणा धरला जावा यासाठी त्यात पिष्टमय पदार्थ पुरेसे असावे लागतात, म्हणून कोरड्या खाद्यात तांदूळ, मका, गहू, बटाटा किंवा वाटाणा यांपैकी काहीतरी असतेच.

हे पिष्ट कुत्र्याला पचत नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की पिष्ट पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार करण्याची सूचना देणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात केवळ दोन प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या वस्तीजवळ राहून त्याच्या अन्नावर जगण्याच्या हजारो वर्षांत कुत्र्याचे शरीर बदलले आहे आणि त्याला लांडगा मानून आहार ठरवणे हे या बदलाकडे दुर्लक्ष करणे होय.

कोरड्या आणि डबाबंद खाद्यातील खरा मोठा फरक पाण्याचा आहे. कोरड्या दाण्यांत साधारण दहा टक्के पाणी असते, तर डबाबंद खाद्यात ते ७५ ते ७८ टक्के असते. त्यामुळे दोन्हींच्या वेष्टनांवरील आकडे थेट ताडून पाहिले तर चुकीचा निष्कर्ष निघतो. डब्यावर प्रथिने आठ टक्के आणि दाण्यांच्या पोत्यावर २४ टक्के लिहिलेली असली, तरी पाणी वगळून उरलेल्या कोरड्या भागात, म्हणजे शुष्क घटकांत, ती मोजली की डब्यात सुमारे ३६ टक्के आणि पोत्यात सुमारे २७ टक्के प्रथिने निघतात. खायला घालण्याच्या मापावरही याचा परिणाम होतो. निर्बीजीकरण झालेल्या दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी ऊर्जा लागते आणि ती कोरड्या खाद्याच्या १६० ते १७५ ग्रॅमांतून मिळते, परंतु डबाबंद खाद्य त्यासाठी ५०० ते ७५० ग्रॅम लागू शकते. डबाबंद खाद्यावर वाढवलेला मोठा कुत्रा घरखर्चाला जड का जातो, हे यावरून समजते. आणि वजन वाढलेल्या, कमी पाणी पिणाऱ्या, मूत्राशयात खडे होणाऱ्या किंवा दात गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्य ओले खाद्य का सुचवतात, हेही त्यातच दडलेले आहे. दाणे चावल्याने दात स्वच्छ राहतात ही समजूत मात्र फारशी खरी नाही, कारण बहुतेक दाणे दाताच्या टोकाशीच फुटतात आणि हिरडीजवळचे कीट तसेच राहते. दातांसाठी ब्रश हाच भरवशाचा उपाय आहे.

बंद डबा उच्च तापमानाला निर्जंतुक केलेला असल्यामुळे न उघडता दीर्घकाळ टिकतो, पण एकदा उघडल्यावर तो शीतपेटीत झाकून ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. कोरडे खाद्य आपल्याकडे अधिक सावधपणे सांभाळावे लागते. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा उघड्या पोत्यात शिरली की दाणे सादळतात, त्यांवर बुरशी धरते आणि वर फवारलेली चरबी हवेशी संयोग पावून खवट होते. मक्यासारख्या धान्यावर वाढणारी विशिष्ट बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करते आणि अशा दूषित खाद्याने परदेशांत कुत्रे दगावल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. स्वस्त पडते म्हणून वीस किलोचे पोते घेऊन तीन महिने वापरण्यापेक्षा महिनाभरात संपेल एवढेच खाद्य घ्यावे, ते मूळ पिशवीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि सुट्टे, तोललेले खाद्य शक्यतो टाळावे.

कच्च्या मांसाच्या आहाराला आधुनिक काळात प्रतिष्ठा मिळाली ती ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ मधील पुस्तकामुळे. कच्चे मांस, हाडे, काळीज-वजडीसारखे अवयव आणि थोडी भाजी हा त्यांचा आग्रह होता. अशा आहाराची पचनीयता चांगली असते आणि विष्ठा कमी होते, ही त्याच्या बाजूची गोष्ट मान्य करायला हवी. मात्र कुत्रा त्यामुळे अधिक निरोगी राहतो किंवा अधिक जगतो असे खात्रीलायक पुराव्याने सिद्ध झालेले नाही, तर धोके ठामपणे माहीत आहेत. कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया आणि ई. कोलायचे घातक प्रकार आढळतात. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत, केवळ थोपून राहतात. कुत्रा स्वतः आजारी न पडताही विष्ठेतून ते बाहेर टाकतो आणि ताटली, ओटा, कुत्र्याचे तोंड व अंग यांमार्फत ते घरातील माणसांपर्यंत पोहोचतात. लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगावर उपचार घेणारी व्यक्ती असलेल्या घरात हा धोका पत्करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या मुख्य संघटनेने २०१२ मध्येच कुत्र्यामांजरांना कच्चे प्राणिज अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली आहे.

भारतात या प्रश्नाला आणखी एक गंभीर बाजू आहे. एकिनोकॉकस नावाचा काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात आणि चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी यांच्या पोटात जाऊन त्यांच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. अशी गाठ असलेले काळीज किंवा फुप्फुस कुत्र्याने कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात नवे कृमी वाढतात. आणि त्या कृमींची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात होऊन कधी कधी शस्त्रक्रिया करावी लागते. खाटकाकडून आणलेले टाकाऊ अवयव कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याची सवय म्हणून सोडलीच पाहिजे. ते अवयव नीट शिजवले की हा धोका संपतो. हाडांचा नियम मात्र उलटा आहे: शिजलेले हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार कपच्या होतात व आतड्याला भोक पाडू शकतात, आणि कच्च्या टणक हाडाने दात तुटतात.

कच्च्या आहाराचा दुसरा दोष समतोलाचा आहे. कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम किमान फॉस्फरसइतके आणि जास्तीत जास्त दुपटीच्या आसपास असावे लागते, परंतु नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो. केवळ मांसावर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर कॅल्शियम मिळवण्यासाठी आपल्याच हाडांतून ते काढून घेते व हाडे मऊ होऊन वाकतात. समतोलाची उणीव शाकाहारी घरातील दूधभातातही असते. कुत्रा शाकाहारावर जगू शकतो, कारण मांजराला अन्नातूनच घ्यावे लागणारे टॉरिन तो सामान्यतः स्वतः तयार करतो. परंतु पोळी, भात आणि थोड्या दुधात प्रथिने, जस्त आणि ड जीवनसत्त्व पुरेसे नसतात आणि माणसाप्रमाणे कुत्र्याला उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व मिळत नाही. घरचेच अन्न द्यायचे असल्यास पशुवैद्यकाकडून वजनानुसार ठरवून घेतलेली पाककृती आणि तिला जोडलेले खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण हवेच, आणि त्यात कांदा, लसूण, द्राक्षे किंवा मनुके कधीही नकोत.

बाजारातील खाद्य निवडताना समोरचे मोठे चित्र आणि ‘नैसर्गिक’, ‘प्रीमियम’ यांसारखी विशेषणे सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. हे खाद्य संपूर्ण आणि संतुलित आहे की केवळ पूरक आहे, आणि ते पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी, हे तेथे लिहिलेले असते. अमेरिकेतील आफ्को ही संस्था शुष्क घटकांत प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के आणि पिल्लासाठी २२.५ टक्के प्रथिने धरते, पण ती कोणत्याही खाद्याला प्रमाणपत्र देत नाही, केवळ निकष ठरवते. अनेक सुंदर पाऊच केवळ पूरक असतात आणि त्यांवरच कुत्रा पोसला तर तो उपाशी नसूनही कुपोषित राहतो. दुसऱ्या टोकाला, संपूर्ण खाद्य खाणाऱ्या लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या पिल्लाला वरून कॅल्शियमचे औषध पाजण्याची प्रथा आहे, ती थांबवायला हवी, कारण मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते. धान्यविरहित खाद्याबाबतही घाई नको. वाटाणा व डाळी भरपूर असलेल्या अशा खाद्यांचा हृदयाचे स्नायू ताणले जाण्याच्या विकाराशी संबंध आहे का, याची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली आणि कारण निर्विवादपणे ठरलेले नाही.

बहुतेक मराठी घरांतील निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी वयानुसार निवडलेले, संपूर्ण व संतुलित कोरडे खाद्य वजनाच्या मापाने देणे, शेजारी ताजे पाणी ठेवणे आणि हवे असल्यास त्यात थोडे डबाबंद खाद्य किंवा मीठ-मसाला न घालता शिजवलेले मांस मिसळून तेवढे दाणे कमी करणे, हा सर्वांत सुरक्षित आणि परवडणारा मार्ग आहे. खाद्य बदलायचे झाल्यास आठवडाभरात जुन्याचे प्रमाण घटवत नवे वाढवावे, आणि मूत्रपिंड, यकृत किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याचा आहार पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय बदलू नये.